बाहेरून लावलेली सळी

गिरजामाय कुणाच्याही घरी गेली की आधी दाराशी वाकायची. अंगणातला एखादा दगड उचलून उघड्या फळीला टेकवायची, फळी हलत नाही ना हे पायाने ढकलून पाहायची आणि मगच उंबरा ओलांडायची. "वाऱ्याचा काय भरवसा, बाबू? अन् मान्साचा तर नाहीच," असं म्हणून चहा घ्यायची. तोही घरच्या माणसाने एक घोट घेतल्यावर.

मेडशीत लोक तिला संशयी बुढी म्हणून हसत. मी हसत नसे. प्लेगच्या साली तिच्या धाकट्या बहिणीला तपासायला म्हणून गावाबाहेरच्या छपरात नेलं होतं. दार लागलं आणि बहीण पुन्हा दिसली नाही. ती कशाने गेली, हे सांगायलाही कुणी सरकारी माणूस आला नाही. बंद दाराआड गरिबाचं काय होतं ते मी चळवळीच्या पत्रकांतून वाचलं होतं. गिरजामायने ते पाहिलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, चैत्रात, गावात फिरत्या दवाखान्याची मोटार आली. मोटार कसली, चाकांवरचं घरच ते. आत खाट, स्टोव्ह, औषधांचं कपाट. नर्सबाई तिथेच बाया तपासायच्या आणि तिथेच राहायच्या. सरकारला एकाएकी आमच्या बायांची काळजी का वाटावी, हा प्रश्न मी पारावर उघडपणे विचारला होता आणि अजूनही विचारतो.

गिरजामायची सून यमुना गरोदर होती. पाय सुजलेले, सारखी भोवळ. मागचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं आणि आताही सातवाच चालू होता. गिरजामाय तिला घेऊन मोटारीपाशी आली आणि सवयीने दगड शोधू लागली. पण दार जमिनीपासून कमरेइतकं उंच. दगड टेकवायचा कुठे? दाराला धरून ठेवणारं काही नव्हतंच. वारा आला की ते धाडकन लागायचं.

"दार लागत असन तर माही सून चढत नाही," ती म्हणाली.

"मला चोर समजा, पण तिला आत येऊ द्या," नर्सबाई म्हणाल्या. "हे पाय पाहिलेत का तिचे?"

"पायलेत. म्हणूनच आली. नाहीतर कायले आली असती?"

तिने भिकाजी लोहाराला बोलावलं. त्याने हातभर सळी घेतली, एक टोक वळवून कडी केली, दुसऱ्याचा आकडा केला. कडी मोटारीच्या अंगाला अडकवायची आणि आकडा दाराच्या कोयंड्यात, म्हणजे दार उघडंच राहील. सळी आतून बसवा, असं नर्सबाई म्हणाल्या. बाहेर राहिली तर कुणीही काढील.

"आतून लावली तं आतलंच मानूस काढन ना," गिरजामाय म्हणाली. "भिकाजी, बाहीरून लाव."

मला ते फार पटलं. सरकारच्या प्रत्येक दाराला अशी एक सळी बाहेरून हवी, असं मी मोठ्याने म्हणालोही.

"तू भाषन नको करू, दार धर," ती म्हणाली.

सळी बसली. तिने दार खांद्याने ढकललं. "हालते. पुन्हा ठोक." भिकाजीने आकडा आणखी वाकवला. मग दार हललं नाही आणि यमुना आत चढली.

तोवर मोटारीभोवती निम्मा गाव जमला होता. नर्सबाईंनी झोपायला सांगितलं, पण यमुना खाटेच्या काठावर अंग चोरून बसली. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ती पुटपुटली, "माय, लोक पाहून राह्यले."

गिरजामायने आत नर्सबाईंकडे पाहिलं. मग मागे वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने स्वतःच्या हाताने सळी काढली, दार लावलं आणि सळी मुठीत धरून पायरीवर उभी राहिली.

"तिकडं तोंड करा सारे. बाबू, तू बी."

आम्ही पाठ फिरवली. मागे थोड्या थोड्या वेळाने सळी दारावर वाजत होती.

"यमुने, हायेस का?"

"हाव, माय."

"माय, पोट दाबताना तरी ओरडू नका," नर्सबाई आतून म्हणाल्या. तरी सळी वाजलीच.

औषध मिळालं. पुरे दिवस भरल्यावर यमुनेला मुलगी झाली. गिरजामाय मात्र नर्सबाईंचा चहा त्यांनी आधी प्यायल्याशिवाय कधीच प्यायली नाही.

गेल्या पौषात ती खोकल्याने अंथरुणाला खिळली. एका सकाळी गार वारा आत येत होता म्हणून यमुनेने दार लावू का विचारलं. बुढी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लाव." त्या सकाळी मी औषध घेऊन गेलो, तेव्हा यमुना अंगणात चुलीशी बसली होती. भाकरी थापता थापता ती दाराकडे बघून विचारायची, "माय, हायेस का?"

"हाव."

एकदा उत्तर आलं नाही. यमुना उठली, पिठाच्या हातांनीच दार ढकललं. दाराला आधी दगड लावला आणि मगच रडायला आत गेली.