बंडूच्या पेल्यातलं खारं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. हे घडलं तेव्हा मी बासष्टची, म्हणजे अगदीच पोरगी... नुकतीच रिटायर झालेली सायन्सची मास्तरीण. भूत समोर आलं असतं तर त्याचीही तोंडी परीक्षा घेतली असती, इतकी शहाणी!

आमचं घर ग्वाल्हेरला, दाना ओली नावाच्या गल्लीत. माझा सुधीर नेव्हीत — अणुशक्तीवर चालणाऱ्या, क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुडीवर. त्याला वाढवलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. तो त्यांना मोठी आई म्हणायचा. तो समुद्राखाली गस्तीवर असतानाच त्या गेल्या. घरी तेव्हा फक्त बंडू, त्यांचा पोटचा मुलगा. मी सराफ्यात गेले होते.

"झोपेतच गेली, काकू. हूं नाही की चूं नाही," तो म्हणाला.

सुधीरला कळवायला नेव्हीच्या ऑफिसात फोन केला, तर उत्तर मिळालं — गस्तीवरच्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत, परतल्यावरच सांगू.

तेराव्यानंतर बंडूला पाणी खारट लागायला लागलं. नळाचं, माठाचं, बाटलीचंसुद्धा.

"काकू, कसम से, समुद्राचं पाणी आहे हे!"

त्याच पेल्यातलं मी प्यायले. छान गोडं. "बंडोपंत, ग्वाल्हेरला समुद्र कुठून आला? जीभ दाखवा," म्हणत मी टॉर्च घेऊन त्याच्या घशात डोकावले... काय तो माझा वैज्ञानिक दृष्टिकोन! डॉक्टरही म्हणाला, "सब नॉर्मल है." बंडू मात्र वाळत चालला.

मग सुधीर परतला. बंदरावर त्याला 'वारल्या' एवढंच सांगितलं होतं. घरात आला, बॅगही खाली ठेवली नाही.

"दादा, मोठी आई पाणी मागत होती. तू टीव्हीचा आवाज का वाढवलास?"

बंडूच्या हातातला पेला पडला. "तुला... कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी ड्यूटीवर होतो, कानाला हेडफोन. पाण्यातले आवाज ऐकायचे, हेच माझं काम. तिचाच आवाज होता — बंडू, पाणी दे रे. पुन्हा पुन्हा. आणि मागे क्रिकेटची कॉमेंट्री."

बंडूने सुधीरचा हात धरला. "मॅच रंगात आली होती रे... सुध्या, तुझं ऐकते ती. सांग ना तिला, आता बस कर."

"आमची पाणबुडी फक्त ऐकते, दादा. उत्तर दिलं की शत्रूला सापडते. म्हणून उत्तर द्यायचं नसतं."

आमच्या मधल्या खोलीतली हाक समुद्राच्या पोटात कशी पोचली, मला आजही सांगता येत नाही. पण जेवताना बंडूचा पेला मीच भरते — काठोकाठ. त्याला ते अजून खारंच लागतं, पण पेला रिकामा होईपर्यंत मी समोरून हलत नाही.