मोठ्या बाईंचा पट

बारा जून. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती आणि मी जुन्या हजेरीपुस्तकातून नव्यात नावं उतरवत होते. एखादं नाव वगळून पुढे गेले की मोठ्या बाईंचं बोट त्या नावावर येऊन थांबायचं.

"राहू दे माय. येईन तो."

पटावरून नाव कमी करणं बाईंना जमलंच नाही. चर्चमागच्या आमच्या दोन खोल्यांच्या, एक मराठी आणि एक तेलुगू, शाळेत तुमच्यापैकी कोणी शिकलं असेल, तर ते बोट आठवेल. निजामाच्या काळात पाद्र्यांनी घोड्यांच्या पागेत ही शाळा काढली. माझ्या आईला गावच्या शाळेत दाराबाहेर बसवत. इथं आत घेतलं. बाक एकच, त्यावर नऊ पोरी. त्यांतल्या एक मोठ्या बाई. पुढे त्या तिथंच शिकवायला लागल्या आणि शाळेमागच्या खोलीत एकट्या राहिल्या.

पोर आलं नाही की बाई शेतात जायच्या. मीही तिथं शिकवायला लागले, तेव्हा एकदा सोबत गेले. मावला गावाच्या पुढे एका पोरीची आई कापूस वेचत होती.

"पोरगी काऊन नाही पाठवली?"

"कापूस येचून राह्यलो बाई. तिच्या बदली तुमी येचता का?"

बाईंनी पदर खोचला आणि दिवस कलेपर्यंत वेचला. पोरगी बांधावर पाढे म्हणत बसली. निघताना आई म्हणाली, "उद्या बी या बाई. पोरगी शाळेत पाठवतो, तुमी इकडं या!"

पोरगी आली. पुढे बाईंचे गुडघे गेले आणि शेतात जाणं थांबलं. काही पोरं सरकारी तेलुगू शाळेत गेली, काही आईबापासोबत भैंशाला कापसाच्या जिनिंगवर. नावं मात्र आमच्याकडेच राहिली.

त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी तपासणीला साहेब आले. मराठीच्या पटावर एकतीस नावं, समोर सहा पोरं.

"बाकी बच्चे कहाँ हैं?"

"आएंगे साब."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले: नव्या पुस्तकात येणाऱ्या पोरांचीच नावं हवीत. दहाच्या खाली गेली तर मराठीचा वर्ग बंद, पोरं शेजारच्या तेलुगू वर्गात.

म्हणून बारा जूनला मी बाईंचं बोट बाजूला केलं. "तीन वर्षं झाली बाई. नाही येणार तो." पंचवीस नावं गेली. मी बोलूनही दाखवलं: वेळीच कमी केली असती, तर सहाच उरलीत हे कळलं तरी असतं, सहाची दहा करायला हिंडलो असतो.

बाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "मंग मी इथं कोनासाठी राह्यली असती?"

मी समास आखत बसले.

दुपारी पाद्रीसाहेबांनी वर्ग बंद केल्याच्या कागदावर सही केली. बाईंनी पेटी भरली. उटनूरला भाच्याकडे जाणारी बस चारची होती. पेटी मी चढवली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "त्या सहा पोरायची नावं तिकडं नीट लिहून घेजो. तेलुगूत कायच्या काय लिहितात."

मी हो म्हटलं. तेलुगू मला बोलता यायचं. लिहिता एक अक्षर येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा पोरांना घेऊन तेलुगूच्या पहिलीत गेले. तिथल्या बाईंना विचारलं आणि पोरांच्या रांगेत, सतरंजीवर, पाटी घेऊन बसले.