एका घरी एकदाच

निवृत्तीभाऊ गेला तं लोकं म्हणे, आपले गुरुजी गेले. माहा तं भाऊ गेला. चार वर्ग शिकलेला, लोकाच्या वावरात सालदारी केलेला माणूस तो. त्याले गुरुजी लोकायनंच केलं.

बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली तवा आमच्या वस्तीनं घरातले देव नदीत सोडले. सोडले तं खरं, पण पुढं लगीन लावाचं कसं अन् मयतीत म्हणाचं काय, हे कोणालेच ठाऊक नव्हतं. पयले जोशी मांडवाच्या बाहेर लांब उभा राहून काहीतरी म्हणे. तोही बंद केला. मंग भाऊ गेला मलकापूरले, एका भंतेजीपाशी राह्यला, त्रिसरण, पंचशील, सारी वंदना तोंडपाठ करून आला. डोणगावले धम्म प्रचार मंडळ काढलं. सुरुवातीले मंडळ म्हंजे काय, भाऊ अन् त्याची सायकल.

महाराष्ट्र झाला त्या सालच्या उन्हाळ्यात माहं लगीन झालं, सासरी, उंद्रीले. भाऊनंच लावलं. मले तं हासू आवरे ना. कालपर्यंत ढोरं हाकणारा माहा भाऊ, अन् सारा मांडव त्याच्या मांगं हात जोडून म्हणून राह्यला. तो खुश होता तवा. मी पाह्यलं हाये.

मंग मात्र त्याची सुटका नव्हती.

पेरणी असो का कोणी आजारी असो, बोलावणं आलं का निघाचं. तो आल्याबिगर लगीन लागे ना, मयत उचले ना. लोकं पाया पडे. एकदा एक म्हातारी घरी आली, मी तवा माहेरीच होती.

"गुरुजी, नातीची तिथी काढून द्या."

"मी तिथी पाहत नाही, माय. कोणताही दिवस चांगलाच."

"मंग तुम्ही कवा मोकळे?"

"ऐतवारी हाये मोकळा."

"मंग ऐतवारच शुभ," म्हातारी म्हणे, अन् उठून गेली.

आम्ही हासलो. भाऊ नाही हासला. मले म्हणे, "वच्छले, एक बामन उठवला अन् लोकायनं दुसरा आणून बसवला. अन् तो मीच हावो."

त्याच्या मनात ते खुपलं ते खुपलंच. मंडळाच्या बैठकीत त्यानं उभं राहून सांगितलं: एका घरी मी एकदाच वंदना म्हणन. दुसऱ्या खेपेले त्या घरच्या माणसानं म्हणाचं, मंग बाई असो का गडी. शिकवाले मी रोज येतो, पण म्हणाले येणार नाही.

शंकरराव मंडळाचे सचिव होते. ते म्हणे, "गुरुजी, असानं मंडळ बुडते."

"लोकायनं माह्या तोंडाकडं पाहत बसावं म्हणून काढलं का मंडळ?"

लोकं काही कमी नव्हते. एका घरी दुसरं लगीन निघालं, तं तो बाप म्हणे, "गुरुजी, हे घरच वेगळं हाये. धाकट्याची चूल आम्ही वेगळी केली."

भाऊ म्हणे, "चूल तं दाखवा."

आंगणात तीन गोटे मांडून ठेवले होते. राख बी नव्हती त्याच्यात. भाऊनं नवरदेवाच्या बहिणीलेच उभं केलं, दोन ओळी सांगितल्या, बाकीच्या तिनं म्हटल्या. त्या दिवशी घरी येऊन तो दोन भाकरी जास्त जेवला, असं शालूवहिनी सांगे. वहिनी म्हंजे त्याची बायको. ती म्हणे, "असंच चाललं तं वर्षा-दोन वर्षात माणूस घरचा होते माहा."

तेच साल माहं वाईट निघालं. माहे मालक विहिरीच्या कामावर होते. दरड पडली. वर काढलं तवा काही उरलं नव्हतं.

भाऊ आला. सायकल आंगणात पाडूनच आत आला. आमच्या घरचं एकदा होऊन गेलं होतं, माह्या लगनात. तो माह्या सासऱ्याच्या, कडूबाच्या, पायापाशी बसला. म्हणे, "मामा, घरच्यानं कोणी म्हणा. मी बाजूलेच हावो. अडलं तं सांगतो."

"पोरगं मेलं माहं, अन् तू मले शाळा शिकवून राह्यला बे?"

माहा देर, मालकाचा भाऊ, उठला. बिचाऱ्यानं सुरुवात केली, पण दुसऱ्या ओळीत हुंदका आला, खालीच बसला. मंग कोणीच उठे ना. ऊन उतराले लागलं. बाहेर गडी माणसं बोलून राह्यली होती, मले ऐकू येत होतं.

"सख्ख्या बहिणीच्या दारात नेम चालवते."

"मोठा नेमवाला! उद्या त्याच्या घरी मयत झाली तं पाहू."

मी दोन्ही लेकरं मांडीवर घेऊन बसली होती. उठाची सुदच कुठं होती? भाऊनं माह्याकडं पाह्यलं. मंग हात जोडले, उभा राह्यला, अन् म्हटलं. सगळं म्हटलं.

तो डोणगावले पोचाच्या आधी बातमी पोचली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात माणसं.

"बहिणीच्या घरी दोनदा चालते, गुरुजी, मंग आमच्या घरी काऊन नाही?"

भाऊनं सायकल काढली अन् त्याइच्या मांगं गेला. नेम तिथंच संपला. ज्याइले दोन ओळी येत होत्या तेही चूप झाले. म्हणे, गुरुजी हायेत न.

मंग दहा-अकरा वर्षं तो फिरला. वहिनीचा माणूस काही घरचा झाला नाही, पाव्हण्यासारखा ये. मोतीराम, त्याचा पोरगा, मोठा कवा झाला हेही त्याले समजलं नाही. मले कधी एका शब्दानं बोलला नाही त्या दिवसाचं. दिवाळीले यायचा, लेकराइले चड्ड्या आणायचा.

शेवटी गळ्याचा आजार झाला. आवाजच गेला. तरी बैलगाडी घेऊन लोकं येत. "नुसते बसा, गुरुजी. तुम्ही दिसले म्हंजे झालं." भाऊ मांडवात बसे अन् ओठ हालवे. आवाज नाही, काही नाही. लोकं त्याच्या ओठाकडं पाहून म्हणत. मी एकदा पाह्यलं ते. दुसऱ्यांदा पाहवलं नाही.

त्याची मयत झाली तवा लोकायनं मेहकरहून दुसरे गुरुजी बोलावले. जीप याले संध्याकाळ झाली. मी म्हटलं, मी म्हणन, मले येते. शंकरराव म्हणे, "थांबा बाई, येऊनच राह्यले ते." माहा भाऊ दिवसभर तसाच पडून राह्यला.

तिसऱ्या दिवशी तीन माणसं आली. मोतीराम मलकापूरले कापसाच्या जिनिंगात कामाले हाये, बापासाठी रजा टाकून आलेला. त्याले म्हणे, "तुले तं सगळं तोंडपाठ हाये बे. उंद्रीकडं लगीन हाये आमचं."

"माही रजा सोमवारपर्यंतच हाये, काका."

"मंग ऐतवारीच धरू न."

शालूवहिनी आतून दारात आली. "पोरीले म्हणता येते का?"

"कोण्या पोरीले, वहिनी?"

"जिचं लगीन हाये तिले."

ते हासले. त्याइले वाटलं वहिनी गंमत करून राह्यली. मोतीरामनं मायकडून तोंड फिरवलं. मंग इचारलं, "गाडी कवा पाठोता?"

वहिनी दारातच उभी होती. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडून घेतला.