मामाकडची फुलं

घर सोडलं ते अ‍ॅस्टरच्या गठ्ठ्यांबरोबर. आमचं गाव दिवे घाटाच्या वरच्या अंगाला. तिथून पुण्याच्या मार्केट यार्डात फुलं घेऊन जो टेम्पो जायचा, त्यातच मला आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेला जागा मिळाली. डी.एड.ला नंबर लागला होता. आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. आबा, म्हणजे माझे वडील, टेम्पोचं फळकं लावता लावता एवढंच म्हणाले, "फुलांना टेकू नको, दबतील." त्यांना काही वाटत नव्हतं असं नाही. पण फुलं त्याच दिवशी खपायला हवी होती आणि मी काही नासणारा माल नव्हते. घाटभर मी ताठ बसून आले.

आमच्या घरात फुलं माळत नसत. शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर हा माल होता. देवाला वाहायचं तेही पाकळी झडलेलं, विकलं न जाणारं. फूल ही विकत घ्यायची वस्तू असते हे मला पुण्यात येऊन कळलं. कोथरूडच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, वारज्याला फ्लॅट घेतला. आता रोज सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी लटकलेली असते, आणि ती सोडली की मी आधी फुलं कितपत ताजी आहेत ते बघते, देव नंतर. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घाट उतरून आले, त्यांना हे समजावून सांगायला नको.

दादा, माझा थोरला भाऊ, गावातच राहिला. शेती तोच बघतो. वर्षातून एकदा वारज्याला यायचा आणि दवाखान्यात नंबर लावल्यासारखा सोफ्याच्या कडेला बसायचा. अर्धा चहा झाला की "निघतो, टेम्पो थांबलाय" म्हणून उठायचा. आबा गेल्यावर तर आमच्यात बोलायला विषयच उरला नाही. सख्खा भाऊ आपल्या घरात पाहुण्यासारखा बसतो, हे मला फार लागायचं.

मग रेवतीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. मुहूर्त मार्गशीर्षातला. ही आयटीतली, लग्नात फक्त लोकल आणि सीझनल फुलं, असं तिने जाहीर करून टाकलं. डेकोरेटरने टॅबवर ऑर्किड, कार्नेशन आणि आणखी कायकाय दाखवलं, त्यातलं निम्मं विमानाने येणारं. हिने शेवंतीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा पडला. "मॅडम, दसऱ्याला गाडी सजवल्यासारखं दिसेल. फोटोत रिच वाटत नाही." होणाऱ्या सासूबाईंनी मोगऱ्याचे गजरे सुचवले. "अहो काकू, मोगरा उन्हाळ्यातला," असं म्हणून तेही हिने निकालात काढलं. मग माझ्याकडे वळली. "आई, मामाकडे आत्ता शेवंती असेलच ना? माझा मांडव मामाच्या फुलांचा."

मला फुलांचं एवढं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की दादा या लग्नात कडेला बसणार नाही, मांडवच त्याचा असेल. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "भाचीला मामाची फुलं पायजेत व्हय? आनतो की. तू घोर करू नको."

लग्नाच्या आदल्या दुपारी टेम्पो हॉलच्या दारात लागला. दादा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात खाली उतरला. आत पुठ्ठ्याची खोकी होती आणि खोक्यांत प्लास्टिकच्या चकचकीत कागदात गुंडाळलेली जांभळी ऑर्किड्स. शेवंतीचं एक फूल नव्हतं.

"आणि शेवंती?" मी विचारलं.

"ती घातली मार्केटला, त्याच पैशात ही घेतली," दादा म्हणाला. "भाचीच्या लग्नात मामानं रानातला माल उचलून आनायचा व्हय? घरचं हाय म्हनून फुकटात भागिवलं म्हनतील लोक."

"आई, ही थायलंडहून आली असणार," रेवती माझ्या कानात पुटपुटली. तिचा चेहरा उतरला होता. सगळ्या ऑफिसला सांगून बसली होती. डेकोरेटर मात्र खुलला. "आता कसं रिच वाटतंय!" रेवतीने मामाकडे पाहिलं. तो दोन्ही हातांत खोकं धरून उभा होता. तिने ते त्याच्याकडून घेतलं, "कसली भारी आहेत मामा," म्हणाली आणि स्वतः आत घेऊन गेली. पोरीचं मला फार कौतुक वाटलं.

मला माझं लग्न आठवलं. रानात शेवंती ऐन भरात असताना आबांनी पुण्याहून चंदेरी झिरमिळ्यांचे गुलाबाचे हार आणले होते. तेव्हा वाटलं, हौस. आता कळलं, घरचं ते घरच्या माणसांना. घराबाहेर गेलेल्यांना विकतचं, मानाचं. दादा माझ्याकडे पाहुणा होता याचं मी वाईट वाटून घेत होते आणि त्याच्या लेखी पाहुणी मी होते. मला रडूही आलं आणि रागही आला.

लग्नाची गडबड ओसरल्यावर मी एकटीच गावाला गेले. वहिनीने नेहमीप्रमाणे माझ्यासाठी शेजारून खुर्ची आणली. मी टोपली मागितली.

"राहू दे गं शालन, हात खराब व्हतील," दादा म्हणाला. मी न ऐकता शेवंतीच्या सरीत शिरले. थोड्याच वेळात कमरेची वाट लागली. तेवढ्यात पलीकडून दादा कडाडला, "शालने! डोळं फुटलं का? कळ्या कशाला तोडतीस? उमललेली घे!"

तोडणीला आलेल्या बायका हसल्या. टेम्पोत बसून गेल्यापासून त्या रानात मला कुणी ओरडलं नव्हतं. "बरं," म्हणाले आणि उमललेली तोडायला लागले.

माझं घर वारज्यालाच आहे, मेंटेनन्सही तिथलाच भरते, त्यात काही बदल नाही. पण त्या दिवशी टेम्पो भरायच्या घाईत सगळ्यांची तारांबळ उडाली आणि मी निघाले तेव्हा वहिनी माझी ओटी भरायला विसरली. मी आठवण करून दिली नाही.