टेकडीवरून येणारं उत्तर

शहाद्याला कॉलेजात एकत्र शिकलेल्या आम्हा चौघांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. रोज सकाळी कोणीतरी त्यावर एक प्रश्न टाकायचं, क्रिकेटचा नाहीतर जुन्या सिनेमाचा. आमच्यातला एक जण सातपुड्यातल्या त्याच्या गावी राहतो. तिथे रेंज नव्हती, म्हणून शेतातलं काम आटोपलं की संध्याकाळी तो टेकडीवर चढायचा. तोवर कोणी उत्तर फोडायचं नाही, हा आमचा नियम. मी उतावळा. दिवसभर उत्तर पोटात ठेवताना माझा जीव जायचा. मग बाकीचे दोघे दटावायचे, "थांब ना भो, तो टेकडी चढी ऱ्हायना." म्हणजे, अजून चढतोय.

अखेर त्याचा व्हॉइस मेसेज यायचा. धापा टाकत बोललेलं उत्तर, आणि बहुतेक वेळा चुकीचं. आम्ही पोट धरून हसायचो.

आता त्याच्या गावात टॉवर आलाय. परवा मी मुद्दाम अवघड प्रश्न टाकला. मिनिटभरात त्याचं उत्तर आलं, टाइप केलेलं, अगदी बरोबर. मला उगाचच राग आला. त्याला विचारणार होतो, टेकडीवर शेवटचा कधी चढलास? पण तो प्रश्न टाकला नाही. त्याही प्रश्नाचं उत्तर लगेच आलं असतं.