लाल्याचं वळण

यंदा तीर्थपुरीच्या जत्रेत गाड्यांच्या शर्यतीत आमची बैलजोडी पहिली आली... आणि त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

आमच्याकडची शर्यत सरळ नसते. मैदानाच्या टोकाला चुना फासलेला दगड असतो, तो डाव्या हाताला ठेवून, त्याला वळसा घालून परत यायचं. नवखे आधीच आत घुसतात आणि दगड ओलांडला की भरकटत बाहेर जातात. लांबून यायचं, दगडाला चाक घासेल इतकं आत काढायचं, मग बैल मोकळे सोडायचे... असं वळण साऱ्या मोगलाईत, म्हणजे आमच्या मराठवाड्यात, दुसऱ्या कुणाला जमत नाही, ही माझी घमेंड.

धुरळ्यात दगड दिसत नाही. म्हणून माझा धाकटा भाऊ नामदेव दरवर्षी दगडाला लागून उभा राहून लाल रुमाल हलवतो. बैल त्याला बघून हातभर बिचकतात, तेवढं वळण मोठं होतं. ते हातभरच मला सलायचं.

यंदा आतल्या बाजूला लाल्या जुंपला. पोळ्यानंतर घेतलेला बैल, त्याचं चारापाणी नामदेवच बघायचा. सरावाला एकच गाडी, धुरळा नाही, म्हणून दगडापाशी कुणी उभं नसायचं; लाल्या दगडाला असा चिकटून जायचा की मी तर हवेतच होतो.

शर्यतीत लाल्या बिचकला नाही. बिलकुल नाही. नामदेव मात्र दरवर्षीच्या भरवशावर उभा राहिला, हातभर जागा सुटेल म्हणून... चाक त्याच्या पायावरून गेलं. मला वाटलं दगड लागला. मी जोडी दामटत राहिलो.

तहसीलदारसाहेब मला मानाचा फेटा बांधत होते तेव्हा लोक दगडाकडे पळताना दिसले. तोच फेटा सोडून पाय बांधला. जालन्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो आणि काठी घेऊन गोठ्यात शिरलो. डावीकडून उगारली... लाल्या निवांत रवंथ करतोय. उजवीकडून उगारली तर दावं तोडायला लागला. परत परत करून पाहिलं. डावा डोळा वरून स्वच्छ, पण त्याला त्या डोळ्याने दिसतच नव्हतं.

चुलते म्हणाले, "इकून टाक जल्दी त्याला." मी नामदेवाला विचारायला दवाखान्यात गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, कुणाशी बोलत नव्हता. मी डोळ्याचं सांगितलं.

"म्हंजी त्याला मी दिसलोच न्हाई?"

"न्हाई रे."

"मंग बराबर हाय, दादा. मला वाटू राह्यलं व्हतं, माझ्या हातची पेंड खातो अन् बघून बी अंगावर आला..."

आणि तो रडायला लागला. पाय गेला तेव्हाही रडला नव्हता.

काल त्याला घरी आणलं. लाल्या विकला नाही. त्यालाच गाडीला जुंपला, पण उजव्या अंगाला, म्हणजे बघता डोळा बाहेरच्या बाजूला. वाटेतलं प्रत्येक वळण लांबून, हळू घेतलं. मागच्या गाड्या पुढे गेल्या... जाऊ दिल्या.

घरी पोचल्यावर नामदेव एवढंच म्हणाला, "मला त्याच्या उजवीकडं बसव." बसवलं. लाल्याने मान वळवली आणि त्याचा हात चाटला.

नामदेव माझ्याशी अजून धड बोलत नाही. बैलाशी मात्र बोलतो... मी दाराआडून ऐकतो. तो बोलतोय, एवढ्याचेच फार उपकार आहेत.