गोधडीतला भात

पृथ्वीवरचा सगळा जाळ आपण एकटीनेच विझवायचा आहे, असं समजून चालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. मुलाचं लग्न ठरवताना आम्ही मुलगी पाहिली, घर पाहिलं, माणसं विचारली. मुलीची आई भात कसा शिजवते ते विचारायचं कुणाला सुचतं?

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला त्या पालीहून आमच्याकडे मुरुडला आल्या, सव्वा महिना राहायला. एसटीतून उतरल्या तेव्हा एका हातात पिशवी आणि काखेत भली जाड गोधडी. मला वाटलं, नातवासाठी आणली. घरात शिरल्या आणि बाळ बघायच्या आधी त्यांनी ओटीवरचा पंखा बंद केला. "खाली कुणी बसलेलं नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "मी उभी आहे ना." तर म्हणतात, "तुम्ही आत चाललात की."

त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. फ्रिजला हात लावला की मागून आवाज यायचा, "काय काढायचंय ते आधी ठरवलंत का, विहीणबाई?" मी म्हटलं, "ठरवायलाच उघडतेय." टीव्ही बंद केला तरी त्याचा बारीक लाल दिवा जळतो, तो त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. "हा झोपलाय, मेलेला नाही," म्हणत भिंतीवरचं बटण बंद करायच्या. गिझर म्हणजे तर पापच. नारळांमधून जिथे ऊन पडतं तिथे अंगणात काळे पडलेले हंडे भरून ठेवायच्या आणि पाणी तापलं की भर दुपारी सगळ्या घराने अंघोळ करायची. आमच्या ह्यांना अंघोळीशिवाय देवपूजा चालत नाही. त्यांनी काही देवांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं नाही. गार पाणी अंगावर घेतलं आणि आठवडाभर देवापुढे शिंकत बसले.

पण खरा छळ त्या गोधडीचा. भाताला एक उकळी आली की विहीणबाई गॅस बंद करायच्या. टोपावर घट्ट झाकण, त्यावर जुनं लुगडं, त्यावर गोधडी. ते बोचकं बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवायचं, कारण त्या खोलीत वारा लागत नाही. भात आपल्याच उबेत शिजतो म्हणे. शिजायचा, खोटं कशाला बोलू? पण इतकी वर्षं मी काय भात कच्चा वाढला होता? आणि वर मुलगा जेवताना म्हणाला, "आई, तूपण असंच करत जा ना." त्या दिवशी मी जेवले नाही.

मग एका सकाळी शेजारची म्हातारी काकी बाळ बघायला आली. तिला नीट दिसत नाही, पण मानायचं नसतं. सून बाळाला घेऊन मागच्या पडवीत शेक द्यायला बसली होती. काकी खोलीत शिरली ती थेट कोपऱ्यात. बोचक्यापुढे फतकल मारून बसली, वर झबलं ठेवलं, कानशिलांवर बोटं मोडली. मग गोधडीत हात घातला आणि किंचाळलीच, "अगो बाय! पोराचं आंग निखाऱ्यावानी तापलंय! ताप हाय गो याला!"

पडवीतून सून धावत आली. बाळ तिच्याच हातात होतं, तरी ती रडायला लागली. पहिल्या बाळाच्या डोक्यात ताप जाऊन ते हातचं जाता जाता राहिलं होतं. ताप हा शब्दच तिला सहन होत नाही. काकी म्हणत होती, "मग ह्यो कोण हाय?" मी म्हटलं, "भात हाय, काकी." माझा मुलगा मात्र हसला नाही. सासूला म्हणाला, "आई, हे बोचकं आजपासून बंद. चार पैशांच्या गॅससाठी माझ्या बायकोचा जीव काढू नका."

विहीणबाईंनी गोधडी झटकली, घडी केली आणि पिशवी भरायला लागल्या. दुपारची पालीची गाडी धरणार होत्या. सुनेने पान पुढ्यातून सारलं. बाळ पाजायला घेतलं तर तिला दूध येईना. रडत्या बाळंतिणीचं असंच होतं.

मी पिशवीपाशी जाऊन म्हटलं, "एवढा राग? गॅस तर माझा मुलगा भरतोय. तुमचं काय जातं?"

"तुम्हीही पैशाचंच समजलात," त्या म्हणाल्या. "आमच्या घरामागे डोंगर आहे. लग्न होऊन आले तेव्हा त्यात दिवसा अंधार असायचा. आम्ही बायका रोज मोळी आणायचो. पोरं झाली, भात रांधले, पाणी तापवलं. एक दिवस वर बघितलं तर नुसते दगड. तो डोंगर मी चुलीत घातला, विहीणबाई. आता गॅस आला, वीज आली. ती कुणाच्या डोंगरातून येते ते आपल्याला दिसत नाही, एवढंच."

मोळ्या मीही वाहिल्यात. पाठ दुखायची ते आठवतं, डोंगराचं कधी मनात आलं नाही.

मी पिशवी उचलून फळीवर ठेवली. "परवा बारसं आहे. वालाचं बिरडं कोण करणार? तुमच्या त्या गोधडीतच करा. पण माझ्या स्वयंपाकघरात ठेवा, सगळ्यांना दिसेल असं." मुलाला सांगितलं, "तू मधे बोलू नकोस." संध्याकाळी सून आईच्या हातचं जेवली आणि बाळ पोट भरून प्यायलं.

बिरडं झालं. एक वाल मोडला नव्हता. पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं आणि कौतुक माझं केलं. विहीणबाईंनी ते चालू दिलं. त्याचाही मला राग आला.

यंदा बल्लाळेश्वराला गेले तेव्हा त्यांच्याकडे उतरले. घरात त्या एकट्याच असतात. मला मागच्या दारी नेऊन त्यांनी डोंगर दाखवला. दगडांमधून खुरटी झुडपं वर आली होती, कुठे कुठे माणसाच्या उंचीची. "जरा हात आखडला की तो आपला आपण वाढतो," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही एकटीने हात आखडून डोंगर भरणार आहात होय?" त्या म्हणाल्या, "भरेल तेव्हा मी कुठे असणार आहे?" असं म्हणून चहा ठेवायला आत गेल्या.

मी तिथेच पायरीवर बसून राहिले. त्यांनी चहा आणून दिला. उकळी यायच्या आधीच गॅस बंद केलेला असणार, अगदी कोमट होता. मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले.